भीमरावांचे परदेशातील दिवस

छत्रपती संभाजीनगर शहरात नागसेनवन नावाचा एक विस्तीर्ण परिसर आहे. तेथील मिलिंद महाविद्यालय १९५० साली सुरू झाले. त्या वेळी हे शहर औरंगाबाद या नावाने ओळखले जात असे आणि मराठवाडा हा हैदराबाद राज्याचा भाग होता. या महाविद्यालयाचे संस्थापक डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची थोर कायदेपंडित व राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून ओळख तुम्हांला आहेच. परंतु ज्या विद्येच्या बळावर त्यांनी हे कार्य केले, ती विद्या त्यांनी परदेशांत कशी मिळविली आणि त्यासाठी त्यांच्या देहाला काय सोसावे लागले, ही हकीकत तितकीशी सांगितली जात नाही.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी मध्य भारतातील महू येथे झाला. त्यांचे वडील रामजी सुभेदार हे लष्करात शिक्षक होते. पुढे हे कुटुंब साताऱ्यास राहू लागले. तेथे असताना भीमरावांची आई भीमाबाई निवर्तल्या आणि मुलांचे पालन आत्या मीराबाई करू लागल्या.

१९०१ सालची गोष्ट. रामजी सुभेदार त्या वेळी सातारा जिल्ह्यातच दुष्काळी तलावाच्या कामावर रोखपालाची नोकरी करीत होते. उन्हाळ्याच्या सुटीत त्यांच्याकडे जाण्यासाठी भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि बहिणीची मुले मसूर स्टेशनवर उतरली. मुलांची जात कळताच एकही गाडीवान त्यांना गाडीत घेईना. अखेर दुप्पट भाडे कबूल करून मुलांनी स्वतःच गाडी हाकली आणि गाडीवान बाजूने पायी चालला. बरोबर जेवणाचा डबा भरलेला होता. पण पिण्यास पाणी मिळेना. वाटेत जे मिळाले, ते गढूळ व दुर्गंधीचे होते. टोलनाक्यावर पाणी मागितले, तर तेथेही नकार मिळाला. भरला डबा उशाशी ठेवून ती मुले उपाशीच झोपली. भीमराव त्या वेळी जेमतेम दहा वर्षांचे होते. उपासाची त्यांची ही पहिली ओळख अन्नाच्या अभावी झालेली नव्हती, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

अशा अडचणींतून भीमराव मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १९१२ साली बी. ए. झाले. पुढच्याच वर्षी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना अमेरिकेतील शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. पत्नी रमाबाई व घरची मंडळी यांना मुंबईस ठेवून ते निघाले आणि १९१३ च्या जुलै महिन्यात न्यूयॉर्क येथे पोहोचून कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

परदेशी गेलेल्या मनुष्याला ते परकेपण प्रथम ताटात दिसते. भाकरीच्या जागी पाव येतो, वरणाच्या जागी सूप येते, मसाला नाहीसा होतो आणि जेवणाच्या वेळाही बदलतात. कोणाला तेथील लोणी, साखर व मांस मानवून त्याचे अंग भरते. कोणाला घास गिळवत नाही आणि तो वाळत जातो. मोहनदास गांधी १८८८ साली लंडनला शिकावयास गेले, तेव्हा मांस न खाण्याच्या प्रतिज्ञेमुळे ते कित्येक दिवस अर्धपोटीच राहिले. पुढे शहरभर पायपीट करता करता त्यांना फॅरिंग्डन स्ट्रीटवर एक शाकाहारी भोजनगृह सापडले, तेव्हा कोठे ते पोटभर जेवले. डॉ. आनंदीबाई जोशी यांनीही अमेरिकेत आपला शाकाहार सोडला नाही. तेथील कडक थंडी, अपुरे अन्न व अतिश्रम यांनी त्यांची प्रकृती ढासळली. वैद्यकीय पदवी घेऊन त्या परतल्या खऱ्या. परंतु १८८७ च्या फेब्रुवारीत क्षयाने त्यांचा अंत झाला. तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

भीमरावांना शाकाहाराचा निर्बंध नव्हता. तरीही विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात ते एक आठवडाच राहिले. तेथील अन्न नीट शिजविलेले नसे, त्यात बहुधा गोमांसच असे, आणि ते त्यांना रुचेना. तेथून ते काही भारतीय विद्यार्थी राहत असलेल्या एका क्लबात गेले व शेवटी लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये स्थिरावले. तेथे नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी त्यांचा स्नेह जुळला आणि तो जन्मभर टिकला.

न्यूयॉर्कमध्ये त्यांना एक नवीन अनुभव आला. भोजनगृहात कोणत्याही मेजाशी बसावे, कोणाच्याही शेजारी जेवावे, भांड्यातील पाणी आपल्या हाताने ओतून घ्यावे. जात विचारणारा कोणी नव्हता. मसूरच्या वाटेवर उपाशी झोपलेल्या मुलाला या साध्या गोष्टीचे मोल किती वाटले असेल, याची कल्पना आपणच करावी. भीमरावांची भूक त्या वेळी मोठी होती. परंतु शिष्यवृत्तीतून घरीही पैसे पाठवावे लागत. म्हणून एक पेला कॉफी, दोन केक आणि मांसाचा किंवा माशाचा एखादा पदार्थ एवढ्यावर ते भागवीत. नाटके, सहली, मेजवान्या यांकडे त्यांनी पाहिलेही नाही. उरलेला पैसा जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जाई. तीन वर्षांत त्यांनी सुमारे दोन हजार ग्रंथ जमविले!

१९१५ साली एम. ए. होऊन पुढील वर्षी भीमराव लंडनला गेले. तेथे अर्थशास्त्राचा व कायद्याचा अभ्यास सुरू होतो न होतो तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना परतावे लागले. जहाजाने निराळे पाठविलेले त्यांचे ग्रंथ महायुद्धातील एका पाणतीराने समुद्राच्या तळाशी गेले. नोकरीसाठी ते बडोद्यास गेले, तर तेथे राहावयास जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत त्यांनी आपली जात सांगितली नाही. परंतु अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारी आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. कोलंबिया विद्यापीठात ज्यांना कोणी उठविले नव्हते, त्यांना स्वदेशात भाड्याची खोलीही मिळाली नाही.

अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करण्याचा ध्यास मात्र त्यांनी सोडला नाही. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात त्यांना दरमहा ४५० रुपयांची प्राध्यापकाची जागा मिळाली. परळच्या चाळीतील दोन खोल्यांत राहून त्यांनी काटकसरीने शिल्लक जमविली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी साह्य केले, नवल भथेनांनी पाच हजार रुपये उसने दिले आणि १९२० च्या जुलैमध्ये भीमराव पुन्हा लंडनला निघाले.

या खेपेस राजाची शिष्यवृत्ती नव्हती. जवळचा प्रत्येक पौंड मोजून खर्चावयाचा होता. ते ज्या घरी राहिले, तेथील मालकीण कठोर स्वभावाची व हात आखडता घेणारी होती. सकाळी ती माशाचा लहानसा तुकडा, जॅम लावलेली पावाची एक चकती व एक पेला चहा देई. रात्रीच्या जेवणास मांसाच्या अर्कापासून केलेले बोव्हरिल नावाचे कढत पेय आणि थोडी बिस्किटे मिळत. दुपारचे जेवण भीमराव घेतच नसत. त्याने पैसा खर्च झाला असता, आणि वेळही.

सकाळची न्याहारी आटोपताच ते ब्रिटिश म्युझियमची वाट धरीत. तेथील घुमटाकार वाचनालयात जगातील अत्यंत मोठा असा ग्रंथसंग्रह होता. दार उघडण्यापूर्वीच ते तेथे उभे असत. मग सायंकाळी पाच वाजता वाचनालय बंद होईपर्यंत वाचन चाले. आसनावरून उठणाऱ्यांत ते बहुधा शेवटचे असत. बाहेर पडताना त्यांचा चेहरा फिकट पडलेला, डोळे खोल गेलेले आणि खिसे मात्र टिपणांच्या कागदांनी फुगलेले असत. घरी येऊन ते थोडे जेवीत आणि पुन्हा अभ्यासास बसत.

रात्री दहाच्या सुमारास पोटात भुकेचा आगडोंब उसळे. एका गुजराती परिचिताने त्यांना पापडांचे एक पुडके दिले होते. त्यांतील चार पापड पत्र्याच्या तुकड्यावर भाजावेत, बरोबर पेलाभर दूध घ्यावे आणि पुन्हा पुस्तक उघडावे, असा त्यांचा परिपाठ असे. त्यांचे सोबती अस्नोडकर मध्यरात्री जागे होऊन पाहत, तो भीमराव वाचीतच असत. आता निजावे, असे त्यांनी विनवले, तर भीमरावांचे उत्तर ठरलेले असे. जेवणासाठी पैसा नाही व झोपेसाठी वेळ नाही, असे ते सांगत.

या आहाराचा थोडा हिशेब करून पाहू. धडधाकट तरुणाला दिवसाकाठी दोन हजारांहून अधिक कॅलरी लागतात, आणि थंड हवेत ऊब राखण्यासाठी शरीराला अधिकच खर्च करावा लागतो. चार पापड व एक पेला दूध यांतून त्याचा जेमतेम सातवा-आठवा हिस्सा मिळेल. बाकीची तूट शरीर आपल्याच ठेवीतून भरून काढते. प्रथम यकृतातील साखरेचा साठा संपतो, मग चरबी झडू लागते आणि उपासमार लांबली तर स्नायूही झिजतात. गालफडे बसणे, डोळे खोल जाणे ही त्याचीच चिन्हे होत. तशात मेंदू हा मोठा खादाड अवयव आहे. स्वस्थ बसलेल्या मनुष्याच्या एकंदर शक्तीपैकी सुमारे पाचवा भाग एकटा मेंदूच घेतो. पोट रिकामे ठेवून बारा-बारा तास ग्रंथ वाचणे, हे सांगण्यास सोपे असले तरी करण्यास फार कठीण आहे. कोणीही त्याचे अनुकरण करू नये. भीमरावांनी ते आवडीने केले नव्हते. हाती पैसा असता, तर तेही दुपारी जेवलेच असते.

१९२१ साली भीमराव एम. एस्‌सी. झाले व १९२२ साली बॅरिस्टर झाले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध विद्यापीठाने काही फेरफारांसाठी परत केला. तोवर पैसा पुरता सरला होता. १९२३ च्या एप्रिलमध्ये ते मुंबईस परतले, तेथून त्यांनी सुधारलेला प्रबंध पाठविला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस डी. एस्‌सी. ही पदवी त्यांना मिळाली. इकडे मुंबईत रमाबाईंनी तुटपुंज्या पैशांत घर चालविले होते. पतीच्या विद्येच्या पायी लंडनप्रमाणेच परळच्या चाळीतही काटकसरीचे दिवस काढले गेले, हे चरित्रकारांनी विसरता कामा नये. रमाबाई १९३५ साली मृत्यू पावल्या.

पुढील आयुष्यात बाबासाहेबांचे शरीर स्थूल झाले. उतारवयातील छायाचित्रांत दिसणारी त्यांची भारदस्त आकृती पाहून लंडनमधला तो वाळलेला विद्यार्थी ओळखूही येत नाही. त्यांना स्वयंपाकाची हौस होती आणि लहर लागली म्हणजे स्वतः पदार्थ रांधून ते मित्रांना खाऊ घालीत. परंतु मधुमेह व रक्तदाब यांनी त्यांना गाठले. तरुणपणच्या उपासांमुळेच हे विकार जडले, असे म्हणण्यास आधार नाही; पण अपुरी झोप व अखंड श्रम ही त्या दिवसांची सवय त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही, हे खरे. १९४८ साली त्यांचा विवाह डॉ. शारदा कबीर यांच्याशी झाला. त्या स्वतः डॉक्टर असल्यामुळे पतीच्या पथ्यपाण्यावर त्यांचा कटाक्ष असे. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे निधन झाले.

मराठवाड्याशी त्यांचा संबंध प्रथम आला, तो एका कटू प्रसंगाने. १९३४ साली वेरूळची लेणी पाहण्यास ते सहकाऱ्यांसह निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी मंडळींनी धुळीने भरलेले हातपाय तेथील हौदावर धुतले. त्यावरून काही लोक संतापून धावून आले. अखेर किल्ला पाहू दिला; पण आतील पाण्याला कोणी शिवू नये म्हणून बरोबर पहारेकरी दिला. बाबासाहेब तेव्हा तीन विद्यापीठांचे पदवीधर, बॅरिस्टर आणि गोलमेज परिषदेला जाऊन आलेले पुढारी होते.

सोळा वर्षांनी त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने त्याच भागात महाविद्यालय काढले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. वर्गांच्या जोडीला वसतिगृहेही उभी राहिली. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून आलेली मुले तेथे राहून शिकू लागली. त्यांच्या जेवणाची व पाण्याची सोय त्याच आवारात होती. दौलताबादचा तो हौद तेथून पंधरा किलोमीटरांच्या आसपास आहे.