ऋणमोचनाचा कीर्तनकार : गाडगेबाबांच्या चरित्रातील कर्जविचार

गाडगेबाबांचे नाव उच्चारताच खराटा डोळ्यांपुढे येतो. पाठ्यपुस्तकांनी व शासकीय मोहिमांनी ही प्रतिमा इतकी दृढ केली आहे की, तिच्यामागे त्यांच्या चरित्रातील दुसरा, बहुधा अधिक खोल असा धागा झाकला गेला आहे. तो धागा कर्जाचा होय. गोंडपिपरीसारख्या धान-कापसाच्या, जंगलालगतच्या तालुक्यात संतसाहित्य शिकविताना हा धागा विद्यार्थ्यांना समजावून सांगावा लागत नाही. सावकाराचा उल्लेख आला की वर्ग आपोआप सावध होतो.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. वडील दारूच्या आहारी गेले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. आई सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या माहेरगावी आली. तेथे मामा चंद्रभानजी यांच्या घरी डेबूजी प्रथम गुराखी आणि पुढे कष्टाळू शेतकरी म्हणून वाढले.

या मामांची हकीकत चरित्रकारांनी सविस्तर नोंदविली आहे आणि ती बारकाईने वाचावयास हवी. मामांनी सावकाराकडून कर्ज घेतले, पिकाच्या पैशांतून ते फेडीतही आणले; परंतु पावती मागितली नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाने शब्दावर विश्वास ठेवला. पुढे सावकाराने बाकी काढली, जमीन गेली आणि त्या धक्क्यातून मामा सावरले नाहीत. तरुण डेबूजींनी मात्र त्याच शेतात औत धरले, सावकाराच्या माणसांना हुसकून लावले आणि अखेर त्याला तडजोडीस भाग पाडले.

येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. रयतवारीमुळे वऱ्हाडात जमीन गहाण ठेवता व विकता येऊ लागली होती. कापसाच्या भावाबरोबर कुणब्याची पत वाढे आणि भाव कोसळताच तीच जमीन खतपत्रात अडके. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांनंतर १८७९ मध्ये झालेल्या कायद्याने सावकाराला पावती देण्यास बांधून घेतले. पण तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. मध्यप्रांत-वऱ्हाडातील सावकारीविषयक कायदा १९३४ चा. चंद्रभानजींना या दोहोंचाही उपयोग नव्हता. म्हणजे हे घर उधळेपणाने बुडाले नव्हते. ते अक्षराच्या अभावी बुडाले. गाडगेबाबांचा उपदेश केवळ काटकसरीचा मानणाऱ्या अभ्यासकांनी हा भेद लक्षात घेतलेला दिसत नाही.

उधळेपणाचा प्रश्न डेबूजींपुढे आला तो घरच्याच मंगलप्रसंगी. १८९२ मध्ये कुंताबाईंशी त्यांचा विवाह झाला होता. पहिल्या मुलीच्या, आलोकाच्या, बारशाला जातभाईंना दारू-मटणाचे जेवण देण्याची रीत होती. डेबूजींनी ती मोडून गोडाचे जेवण घातले. जातीचा रोष पत्करून रीत मोडणे हे कर्ज फेडण्याइतकेच अवघड असते, हे खेड्यात राहिलेल्या कोणासही सांगावयास नको.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हाती फुटके गाडगे व काठी. कोणाच्या दारी अन्न घेण्यापूर्वी ते काहीतरी काम करीत. लाकडे फोडीत, अंगण झाडीत. फुकटचे अन्न हेही त्यांच्या लेखी एक प्रकारचे देणेच होते, असा निष्कर्ष त्यांच्या या वर्तनातून काढण्यास हरकत नसावी.

त्यांच्या आरंभीच्या बांधकामांपैकी एक म्हणजे पूर्णा नदीवरील ऋणमोचन येथील घाट. पौषातील रविवारी येथे यात्रा भरते. स्थळाच्या नावामागील ऋण पारमार्थिक. देव, ऋषी व पितर यांचे. स्नानासाठी येणाऱ्या शेतकऱ्याच्या डोक्यावरचे ऋण मात्र रोकड होते. गाडगेबाबांच्या कीर्तनाने हे रूपक पुन्हा जमिनीवर आणले. श्रोत्यांना वऱ्हाडी बोलीत प्रश्नामागून प्रश्न विचारीत ते त्यांच्याच तोंडून कबुली घेत: लग्नासाठी, नवसाच्या बोकडासाठी, तीर्थयात्रेसाठी कोणी कर्ज काढले आणि त्याचे पुढे काय झाले. कर्ज काढू नका आणि पोरांना शाळेत घाला, ही दोन सांगणी ते एकत्र करीत. मामांची हकीकत ठाऊक असल्यावर या जोडणीत नवल वाटत नाही.

तुकोबांशी त्यांचे नाते जोडताना समीक्षक बहुधा भाषेचा विचार करतात. मला दुसरे साम्य महत्त्वाचे वाटते. परंपरा सांगते की, तुकोबांनी भाऊ कान्होबाचा वाटा वेगळा काढून आपल्या वाट्याचे कर्जरोखे इंद्रायणीत बुडविले. तुकोबा देणेकऱ्यांना मुक्त करणारे महाजन होते. डेबूजी देणेकऱ्याच्या घरातले. त्यामुळे एकाच्या कृतीत औदार्य आहे, तर दुसऱ्याच्या वाणीत इशारा.

त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या. लोकांनी दिलेला पैसा लाखांत गेला. पण तो स्वतःचा किंवा कुटुंबाचा मानला नाही. संस्थांवर वारसांचा हक्क राहू नये अशी व्यवस्था त्यांनी केली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविली. ज्याचे काही नाही त्याला देणे सोपे, असे कोणी म्हणेल. परंतु हाती येत असताना आपले काही होऊ न देणे, हा हिशेब निराळा आहे.

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात हा विचार पुढे तुकडोजी महाराजांच्या खंजिरीबरोबर रुजला. चिमूरच्या परिसरात साधना केलेल्या महाराजांचा गाडगेबाबांशी निकट स्नेह होता; त्यांच्या ‘ग्रामगीते’तील ग्रामजीवनाची मांडणी त्या स्नेहाच्या संदर्भात स्वतंत्रपणे तपासावयास हवी.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येत असताना वलगावजवळ, पेढी नदीच्या काठी, गाडगेबाबांचे देहावसान झाले. अमरावतीत आज ज्या भागाला गाडगेनगर म्हणतात, तेथे त्यांची समाधी आहे.