सांतिआगो रामोन इ काहाल : मज्जापेशींचा चित्रकार

सांतिआगो रामोन इ काहाल यांचा जन्म १ मे १८५२ रोजी स्पेनमधील पेतिया दे आरागोन या डोंगरी खेड्यात झाला. त्यांना चित्रकार व्हायचे होते; शल्यचिकित्सक वडिलांच्या लेखी ती निव्वळ उनाडकी. मुलाला वळण लागावे म्हणून त्यांनी त्याला न्हाव्याच्या आणि चांभाराच्या हाताखालीही ठेवून पाहिले. समेट घडवून आणला तो मानवी हाडांनी. वडील शरीररचना शिकवू लागले, आणि हाडांची चित्रे काढता काढता मुलगा वैद्यकाकडे वळला.

१८८७ साली माद्रिदमध्ये लुइस सिमारो यांनी त्यांना कामिल्लो गोल्जींच्या रौप्य रंजनपद्धतीचे नमुने दाखविले. असंख्य पेशींपैकी मोजक्याच, पण नखशिखान्त काळ्या उमटविणारी ही पद्धत १८७३ पासून ज्ञात होती. स्वतः गोल्जी मज्जासंस्थेला एक अखंड जाळे मानीत. काहाल यांनी पूर्ण वाढलेला मेंदू बाजूस ठेवून पक्ष्यांची व प्राण्यांची भ्रूणे आणि नवजात पिले घेतली. कारण तेथे तंतू आखूड असतात व त्यांवर मेदावरण चढलेले नसते. प्रत्येक पेशी स्वतंत्र आहे, हे १८८८ मध्ये बार्सेलोनात त्यांना दिसले. १८९० मध्ये कोंबडीच्या भ्रूणात वाढत्या तंतूचे शंकूसारखे टोकही त्यांनी ओळखले. मृत कापावरून त्यांनी गतीचे अनुमान केले होते. १९०७ मध्ये रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या भ्रूणातील तंतू प्रत्यक्ष वाढताना पाहिले.

अडचण भाषेची होती. स्वखर्चाने काढलेले त्यांचे स्पॅनिश नियतकालिक जर्मनीत वाचणार कोण? त्यांनी आपले लेख फ्रेंचमध्ये आणले, आणि १८८९ मध्ये सूक्ष्मदर्शक घेऊन बर्लिनची परिषद गाठली. तेथे वृद्ध कोलिकरांनी नमुने पाहिले, आणि त्यांची खात्री पटली. प्रादेशिक भाषांत ज्ञाननिर्मिती करणाऱ्यांना ही यातायात अपरिचित नाही. काहाल यांनी मात्र स्पॅनिश सोडली नाही. आत्मचरित्र आणि १९०५ चा कथासंग्रह त्याच भाषेत आहेत.

१९०६ चे नोबेल पारितोषिक दोघांत विभागले गेले, आणि गोल्जींनी त्या व्यासपीठावरूनही जाळ्याचाच पक्ष मांडला.

काहाल १७ ऑक्टोबर १९३४ रोजी माद्रिदमध्ये निवर्तले. सस्तन प्राण्यांच्या मेंदूच्या बाह्यकात त्यांनी रेखाटलेल्या काही पेशी गुस्ताफ रेट्सिउस यांना १८९३ मध्ये मानवी गर्भातही आढळल्या होत्या. त्या आज दोघांच्या नावांनी ओळखल्या जातात. या पेशींतून रीलिन हे प्रथिन स्रवते व त्यामुळे बाह्यकाचे थर आपापल्या जागी बसतात, हे १९९५ मध्ये उलगडले. आईवडिलांकडून आलेल्या त्याच्या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्यास मानवी मेंदूच्या वळ्या फार थोड्या व जाड राहतात, हे २००० मध्ये सिद्ध झाले.