घरी थांबलेली बहीण

आमच्या नारपोलीत पहाट होते ती यंत्रमागांच्या खटखटीने. तो आवाज ऐकत उठायचं, डबे भरायचे, कमरेला पट्टा बांधायचा आणि कामाला लागायचं. अशा बाईला कुणी ज्वालामुखी बघायला चल म्हटलं तर ती काय म्हणणार? मी म्हटलं, अगं, माझी कंबर! पण लेक ऐकेना. ती कॅलिफोर्नियात असते. २०२२ च्या जुलैत मी तिच्याकडे गेले होते, तेव्हा चार दिवसांसाठी तिने मला हवाईच्या मोठ्या बेटावर नेलं. इकडे आईची काळजी नव्हती, ताई होती ना! ताईने लग्न केलं नाही, ती आईपाशीच राहिली. ‘ताई आहे’ हे आम्ही भावंडं इतक्या सहज म्हणतो, की त्या दोन शब्दांत एक माणूस आहे हेच विसरतो.

हिलो गावापासून गाडीने तासाभरात आम्ही हवाई व्होल्कॅनोज राष्ट्रीय उद्यानात पोचलो. हे उद्यान १९१६ सालचं. किलाउआ आणि मौना लोआ असे दोन जागते ज्वालामुखी त्याच्या पोटात आहेत. आधी माहिती केंद्रात गेलो. मला वाटलं होतं, ज्वालामुखी म्हणजे भयंकर उकाडा. तर चार हजार फुटांवर आपल्या महाबळेश्वरसारखा गारठा आणि भुरभुर पाऊस! रेंजर बाईंनी नकाशा हातात दिला, कुठून काय दिसेल ते समजावलं आणि दगड उचलून न्यायला मनाई आहे हेही बजावलं. मग लाव्हा वाहून गेल्यावर मागे राहिलेल्या नाहुकूच्या बोगद्यातून चाललो, जमिनीतून निघणाऱ्या वाफेवर हात शेकले. तिथला काळा, भोकाभोकांचा दगड चाचपला आणि हसूच आलं. नुकती टाकी लावलेला आईचा पाटाच जणू! खरं तर नातं जवळचंच. आपला सह्याद्री, आपल्या भिवंडीची खडी, आपले पाटे-वरवंटे, सगळं साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचंच की.

माहिती केंद्राच्या शेजारी १८७७ सालची एक लाकडी इमारत आहे. पूर्वी ते हॉटेल होतं, आता तिथे चित्रांचं दालन आहे. त्याच्याही आधीच्या, गवताने शाकारलेल्या हॉटेलात १८७३ च्या सुरुवातीला एक इंग्रज बाई घोड्यावरून येऊन उतरली होती. तिचं नाव इझाबेला बर्ड. लेकीने तिचं प्रवासवर्णन मला घेऊन दिलं आणि परतीच्या प्रवासात तिने माझी झोपच उडवली.

इझाबेलाचा जन्म १८३१ चा, यॉर्कशायरमधला. वडील धर्मगुरू. चणीने बुटकी, जेमतेम पाच फुटांची. लहानपणापासून पाठीचं दुखणं. १८५० मध्ये मणक्याजवळची गाठ शस्त्रक्रिया करून काढली, तरी दुखणं सुटलं नाही. पाठदुखी, डोकेदुखी, निद्रानाश आणि उदासी. घरात असली की दिवस दिवस कोचावर पडून काढायचे. डॉक्टरांनी हवापालट सुचवला, वडिलांनी शंभर पौंड दिले आणि १८५४ मध्ये ती अमेरिकेला जाऊन आली. त्या प्रवासावर तिने पुस्तक लिहिलं. पुढे वडील गेले, मग आई गेली. उरल्या दोघी बहिणी, इझाबेला आणि धाकटी हेन्रिएटा, लाडाने हेनी.

चाळिशी उलटल्यावर तब्येतीसाठीच इझाबेला ऑस्ट्रेलियाला निघाली. तो देश तिला मुळीच आवडला नाही. न्यूझीलंडहून एका जुनाट आगबोटीने अमेरिकेकडे जाताना वादळाने बोटीचे हाल केले. वाटेत हवाई लागलं, तिथे ती उतरली आणि तब्बल सहा महिने राहिली!

हिलोहून किलाउआ तीस मैल. आम्हाला तासभर लागला, तिला आख्खा दिवस. त्या काळी बायकांनी दोन्ही पाय एकाच बाजूला सोडून घोड्यावर बसायची रीत होती. तसं बसून तिची पाठ अगदी कामातून जायची. हवाईतल्या बायका मात्र पुरुषांसारख्या दोन बाजूंना पाय टाकून दौडत होत्या. तिनेही घोळदार विजार चढवली, रीत बाजूला ठेवली आणि पाठ बरीच हलकी झाली. मैत्रिणींनो, नुसती बसायची पद्धत बदलली हो! मग ती किलाउआच्या तोंडाशी जाऊन उकळत्या लाव्ह्याचं तळं बघून आली. जून महिन्यात साडेतेरा हजार फुटांच्या मौना लोआवर चढली आणि कडाक्याच्या थंडीत विवराच्या काठावर तंबूत रात्र काढली. कोचावर पडून राहणारी हीच का ती बाई?

आणि रोज काय पाहिलं, काय खाल्लं, कशी घाबरले, हे सगळं ती पत्रांतून हेनीला कळवत होती. हेनी स्कॉटलंडमध्ये, मल बेटावरच्या टोबरमोरी गावात. त्या पत्रांचंच १८७५ मध्ये पुस्तक झालं. रॉकी पर्वतातल्या आणि जपानच्या प्रवासांवरची गाजलेली पुस्तकंही हेनीला लिहिलेल्या पत्रांतूनच आली. जग वाचत होतं ती पत्रं मुळात घरी थांबलेल्या बहिणीची होती.

१८८० मध्ये हेनी विषमज्वराने गेली. इझाबेला पार कोसळली. पत्र लिहायचं तरी कुणाला? हेनीच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टर जॉन बिशप यांच्याशी तिने पुढच्या वर्षी लग्न केलं. पाच वर्षांत तेही गेले. तेव्हा ती चौपन्न वर्षांची होती. आपल्याकडे अशी बाई जपमाळ घेऊन बसते. ही रुग्णसेवेचं शिक्षण घेऊन १८८९ मध्ये हिंदुस्थानात आली! श्रीनगरला नवऱ्याच्या नावाने आणि अमृतसरला बहिणीच्या नावाने तिने इस्पितळं उभी केली. जी हेनी आपल्या देशात कधी आली नाही, तिचं नाव आपल्या पंजाबात लागलं.

पुढे इझाबेला लडाख, इराण, कोरिया, चीन असं फिरत राहिली. साठीत फोटोग्राफी शिकली. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १८९२ मध्ये पहिल्यांदा बायकांना सदस्यत्व दिलं, त्यात ती होती. दुसऱ्याच वर्षी सोसायटीने नव्या बायकांसाठी दार पुन्हा लावून घेतलं, ते १९१३ पर्यंत! सत्तरीला टेकली असताना ती मोरोक्कोत घोड्यावर होती. ७ ऑक्टोबर १९०४ ला एडिंबरात ती गेली, तेव्हा चीनला जाण्यासाठी सामान बांधून तयार होतं. टोबरमोरीच्या बंदरावर आजही एक घड्याळाचा मनोरा उभा आहे. तो तिने ठेवलेल्या पैशांतून हेनीच्या आठवणीसाठी बांधलेला.

पुस्तक मिटलं आणि मला आमची ताई आठवली. हवाईत रोज रात्री मी तिला फोनवर सगळं सांगत होते. विवरात अंधार पडल्यावर दिसलेला तांबूस उजेड, पहिल्यांदाच घातलेली पॅंट, सगळं. ती हौसेने ऐकायची आणि शेवटी विचारायची, कंबर कशी आहे? कंबर दुखत होतीच, पण चार दिवस मला तिची आठवण झाली नव्हती. ताईचीही कंबर दुखते. ते मला कुणीतरी आठवण करून दिल्यावर आठवलं.

इझाबेलाचं कौतुक करावं तेवढं थोडंच. पण मला हेनीबद्दल विचारायचंय. तिला कधी निघावंसं वाटलं असेल का? तिला कुणी विचारलं असेल का?

परत आले तेव्हा दगड आणायला मनाई होती म्हणून ताईसाठी फक्त तो नकाशा आणला. तिने तो देव्हाऱ्याशेजारी लावला. मग मी तिला विचारलं, तुला कुठे जायचंय? ती आधी हसली, मग आईच्या गोळ्या, पथ्यपाणी, रात्रीचं उठणं अशी यादी सांगू लागली. मी गोळ्यांचा डबाच तिच्या हातून काढून घेतला. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, कन्याकुमारी.

नोव्हेंबरअखेर ती भजनी मंडळाबरोबर निघाली. ती गेली आणि इकडे टीव्हीवर बातमी आली, मौना लोआ ३८ वर्षांनी जागा झाला! मी आईला भरवत होते. तेवढ्यात ताईचा फोन. तीन समुद्र, सूर्योदय, ओली झालेली साडी, ती बोलतच होती. मी ऐकत होते. शेवटी विचारलं, ताई, कंबर कशी आहे?

म्हणाली, अगं, विसरलेच होते.