एडिसनची बॅटरी आणि पाणबुडीतला स्फोट

थॉमस अल्वा एडिसन म्हटले की विजेचा दिवा आठवतो, फोनोग्राफ आठवतो, चलच्चित्रांचा कॅमेरा आठवतो. मुंबईत जन्मलेल्या शंकर आबाजी भिसे यांच्यासारख्या कल्पक संशोधकाचा गौरव करतानाही आपण त्यांना भारताचा एडिसन म्हणूनच संबोधले. मात्र वयाच्या पन्नाशीनंतरची जवळजवळ दहा वर्षे आणि स्वतःच्या संपत्तीचा मोठा वाटा एडिसनने ज्या एका वस्तूवर वेचला, ती पुन्हापुन्हा चार्ज करता येणारी बॅटरी सहसा कोणाच्या ध्यानात नसते. या बॅटरीने त्याला अमेरिकी नौदलाच्या दारापर्यंत नेले आणि त्याच दारात त्याच्या कीर्तीला न पुसला जाणारा डागही लागला.

उरणजवळ सिडकोने वसविलेल्या द्रोणागिरी परिसरातून कंटेनरचे ट्रेलर अखंड धावत असतात. त्यांचे गंतव्य असते ते १९८९ मध्ये सुरू झालेले न्हावाशेवाचे जवाहरलाल नेहरू बंदर. या बंदराला लागणाऱ्या मोठ्या जहाजांवर वरच्या मजल्यावर एक लहानशी, बाहेरून अगदी नगण्य वाटणारी खोली असते. मुख्य वीज गेली तर संकटसंदेश पाठविणारा रेडिओ ज्यांच्यावर चालायचा, त्या बॅटऱ्यांची ही खोली. तिच्या दारावर धूम्रपान व उघडी ज्योत निषिद्ध असल्याची पाटी असते. वायू बाहेर जाण्याचा मार्ग छतालगत ठेवलेला असतो, कारण बॅटरीतून निघणारा हायड्रोजन हवेपेक्षा कितीतरी हलका असून तो वरच साठतो. आतला दिवाही ठिणगी बाहेर पडू न देणारा असतो. हे नियम आज खलाशांच्या अंगवळणी पडले आहेत. त्यांच्यामागे अनेक अपघात उभे आहेत आणि त्यांतील एक एडिसनच्या नावाशी जोडलेला आहे.

एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ रोजी ओहायो राज्यातील मिलान या गावी झाला. शाळेत तो फारसा टिकला नाही. आगगाडीत वर्तमानपत्रे विकणारा हा मुलगा पुढे तारयंत्र चालवू लागला. त्याला कमी ऐकू येत असे. तारेचा कडकट्ट मात्र तो अचूक टिपत असे. बॅटरीशी त्याची पहिली गाठ पडली ती याच काळात आणि ती सुखाची नव्हती. लुइव्हिल येथे रात्रपाळी करीत असताना फावल्या वेळात तो प्रयोग करी. १८६७ मधील एका रात्री त्याच्या हातून गंधकाम्ल सांडले. ते फळ्यांच्या फटींतून झिरपत खालच्या मजल्यावर वरिष्ठांच्या मेजावर पोहोचले आणि दुसऱ्या दिवशी एडिसनची नोकरी गेली. आम्लाचा हा स्वभाव त्याच्या स्मरणात किती राहिला, हे सांगणे कठीण आहे. परंतु आम्लाविना चालणारी बॅटरी हेच पुढे त्याचे ध्येय झाले, हा योगायोग लक्षणीय आहे.

जहाजांशी त्याचा संबंध दिव्याच्या निमित्ताने आला. १८८० मध्ये हेन्री व्हिलार्ड या उद्योगपतीच्या कोलंबिया या नव्या आगबोटीवर एडिसनचे दिवे बसविण्यात आले. त्याच्या प्रयोगशाळेच्या आवाराबाहेर या दिव्यांचा झालेला हा पहिला व्यापारी उपयोग होय. वीज अर्थात डायनामोची होती. साठवणीच्या बॅटरीविषयी त्या काळात एडिसनचे मत अत्यंत प्रतिकूल होते. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शिसे आणि गंधकाम्ल यांचा संचायक घट तयार केला होता आणि १८८१ नंतर त्याचा व्यापारी बोलबाला सुरू झाला होता. एडिसनला मात्र ही सारी भांडवल जमविणाऱ्यांची भूलथाप वाटे. याच माणसाने सोळा-सतरा वर्षांनी त्याच वस्तूचा ध्यास घ्यावा, यात त्याच्या स्वभावाचे सारे रंग दिसतात.

१८९९ पर्यंत लोहखनिज चुंबकाने वेगळे करण्याचा त्याचा अवाढव्य उद्योग बुडाला होता. दरम्यान मोटारगाडी रस्त्यावर आली होती आणि ती विजेवर चालावी, असे त्याला वाटत होते. शिशाची बॅटरी जड होती आणि तिचे आम्ल धातूला खात असे. एडिसनने आम्ल सोडून अल्कलीचा मार्ग धरला. एका पट्टीवर निकेलचे संयुग, दुसरीवर लोखंडाची भुकटी, मध्ये पोटॅशचे द्रावण आणि बाहेर निकेलचा मुलामा दिलेला पोलादी डबा, अशी त्याच्या घटाची रचना होती. त्याच सुमारास स्वीडनमध्ये वाल्डेमार युंगनर हा संशोधकही याच वाटेने चालला होता. त्याचे नाव मागे पडले, कारण त्याच्यामागे एडिसनची प्रसिद्धी नव्हती.

प्रसिद्धीने एडिसनचेही नुकसान केले. १९०३ मध्ये मोठ्या गाजावाजाने बाजारात आलेले घट वर्षभरात गळू लागले, त्यांची धारणक्षमता घटू लागली. दुसरा कोणी कारखानदार असता तर त्याने ग्राहकांची समजूत घालत माल खपविला असता. एडिसनने विक्री थांबविली आणि पुन्हा प्रयोगशाळेची वाट धरली. हजारो प्रयोग झाले, निकेलचे अतिशय पातळ पापुद्रे थरावर थर देऊन नळ्यांत भरण्याची युक्ती सापडली आणि १९०९ च्या सुमारास त्याच्या मनासारखी बॅटरी सिद्ध झाली. ती आदळआपट सोसे, पूर्ण रिकामी झाली तरी बिघडत नसे आणि वर्षानुवर्षे टिकत असे. तोवर पेट्रोलच्या गाडीने रस्ता जिंकला होता. तेव्हा ही बॅटरी रेल्वेचे डबे, सिग्नल आणि मालवाहू विजेच्या गाड्या यांच्याकडे वळली. खाणकामगारांच्या टोपीवरच्या दिव्यातही ती गेली. कोळशाच्या खाणीत उघड्या ज्योतीमुळे होणाऱ्या स्फोटांपासून तिने कित्येक जीव वाचविले, हे विसरता येत नाही.

टायटॅनिक बुडाल्यानंतर १९१२ मध्येच अमेरिकेने प्रवासी जहाजांच्या बिनतारी यंत्रासाठी किमान चार तास पुरेल अशी स्वतंत्र राखीव वीज बंधनकारक केली. समुद्रावर बॅटरीला असे कायद्याचे स्थान मिळाले. पण एडिसनच्या कंपनीची नजर त्याहून मोठ्या गिऱ्हाइकावर होती. ते गिऱ्हाईक म्हणजे पाणबुडी. पाण्याखाली गेल्यावर पाणबुडीला इंजिन चालविता येत नाही. तिचे सारे बळ बॅटरीत असते. शिशाच्या बॅटरीत समुद्राचे पाणी शिरले की क्लोरीन हा विषारी वायू तयार होतो आणि त्या बंदिस्त नळकांड्यात पळायला जागा नसते. २५ मार्च १९१५ रोजी होनोलुलूजवळ एफ-४ ही पाणबुडी २१ जणांसह बुडाली. बॅटरीच्या टाकीचे शिशाचे अस्तर गंजून आत पाणी झिरपले असावे, असा चौकशी मंडळाचा निष्कर्ष होता. आम्ल नाही म्हणजे क्लोरीन नाही आणि गंजही नाही, हा एडिसनच्या बॅटरीच्या बाजूने बिनतोड वाटणारा युक्तिवाद होता. तिचा मुख्य प्रचारक होता मिलर रीझ हचिसन. मोटारींचा क्लॅक्सन हॉर्न शोधणारा हा बोलका अभियंता एडिसनचा उजवा हात बनला होता.

त्याच वर्षी नौदलमंत्री जोसेफस डॅनियल्स यांनी संशोधकांचे एक सल्लागार मंडळ स्थापन करण्याचे ठरविले आणि त्याच्या अध्यक्षपदासाठी एडिसनला पाचारण केले. नौदलाला बॅटरी विकू पाहणारा उद्योजक नौदलाचाच सल्लागार झाला. आजच्या दृष्टीने यात हितसंबंधांचा उघड गुंता दिसतो. त्या काळी देशाने आपल्या लाडक्या संशोधकाला हाक मारली, एवढेच लोकांना दिसले. ई-२ या पाणबुडीत एडिसनच्या बॅटऱ्या बसविण्यात आल्या.

क्लोरीनचा प्रश्न सुटला होता, परंतु हायड्रोजनचा सुटला नव्हता. चार्ज होताना पाण्याचे विघटन होऊन प्रत्येक पाण्याच्या द्रावणाच्या बॅटरीतून थोडाफार हायड्रोजन निघतोच. शिशाच्या घटात तो मुख्यतः चार्जिंगच्या शेवटी उसळतो. लोखंडाच्या घटाची गोष्ट वेगळी आहे: तो चार्ज होताना बराच वेळ वायू सोडतो आणि नुसता पडून असतानाही थोडा सोडत राहतो. हवेत हायड्रोजनचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की एक ठिणगी पुरते.

१५ जानेवारी १९१६ रोजी ई-२ ब्रुकलिन येथील नौदल गोदीत दुरुस्तीसाठी उभी होती. आत कामगार आणि नौसैनिक काम करीत होते आणि बॅटरी चाचणीसाठी पूर्णपणे रिकामी केली जात होती. दुपारी भीषण स्फोट झाला. किमान चार जण प्राणास मुकले आणि अनेक जखमी झाले.

चौकशीतून पुढे आलेले चित्र बॅटरी हाताळणाऱ्या कोणालाही आजही विचार करायला लावणारे आहे. एकापुढे एक जोडलेल्या घटांपैकी सारे सारख्या ताकदीचे नसतात. बॅटरी अगदी तळापर्यंत रिकामी करू लागले की दुबळे घट आधी संपतात. बाकीच्या घटांचा प्रवाह मग त्यांच्यातून बळेच जातो, त्यांचे ध्रुव उलटतात आणि ते हायड्रोजन ओकू लागतात. म्हणजे चार्जिंग बंद आहे, तेव्हा वायूचा धोका नाही, हा समजच घातक ठरला. त्यातच वायुवीजन अपुरे होते. एडिसनच्या पक्षाने खोलीतील हवा खेळती न ठेवल्याचा दोष नौदलाला दिला. बॅटरीच्या या स्वभावाची पुरेशी जाणीव आपल्याला करून दिली गेली नाही, असे नौदलातील अधिकाऱ्यांचे म्हणणे होते. दोन्हींत तथ्य होते. मात्र बॅटरी सर्वथा सुरक्षित असल्याचा डंका ज्यांनी पिटला, त्यांच्यावर अधिक जबाबदारी येते, हे एडिसनच्या चाहत्यांनाही नाकारता येणार नाही. हचिसनही पुढे काही वर्षांतच एडिसनपासून दुरावला.

मार्च १९१६ मध्ये ई-२ सेवेतून काढून तिला या बॅटरीच्या कसून चाचण्यांची प्रयोगशाळा बनविण्यात आले. दोन वर्षांनी ती पुन्हा सेवेत आली. परंतु अमेरिकी पाणबुड्या शिशाच्याच बॅटरीवर राहिल्या. एडिसन मात्र खचला नाही. पहिल्या महायुद्धात सत्तरीचा हा म्हातारा नौदलाने दिलेल्या जहाजावर मुक्काम ठोकून पाणबुड्यांचा माग काढण्याचे, जहाजे वाचविण्याचे उपाय शोधत होता. त्याने चाळीसहून अधिक कल्पना मांडल्या. नौदलाने त्यांतली एकही स्वीकारली नाही आणि याचा सल त्याच्या मनात अखेरपर्यंत राहिला.

ई-२ वरील प्रश्न आजही जुना झालेला नाही. २०१० मध्ये विशाखापट्टणम येथे आपल्या सिंधुरक्षक या पाणबुडीत बॅटरीच्या सदोष झडपेतून हायड्रोजन गळून स्फोट झाला आणि एका नौसैनिकाचा बळी गेला. माझगाव गोदीत बांधलेल्या कलवरी वर्गाच्या पाणबुडीत प्रत्येकी सुमारे ७५० किलो वजनाचे ३६० घट असतात. त्यांतला एकेक घट डोळ्यांत तेल घालून सांभाळावा लागतो. मालवाहू जहाजावरील बॅटरीचा पसारा त्या मानाने किरकोळ, तरी तिची निगा राखणाऱ्याचे काम तितकेच नेमके असते. चार्जिंगपूर्वी पंखा सुरू आहे ना, हे आधी पाहायचे. हातातली अंगठी, घड्याळ काढून ठेवायचे, दांडीला आवरण असलेलाच पाना वापरायचा. कारण दोन टोकांवर पडलेला उघडा पाना क्षणात लाल होतो. आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात कदापि नाही. डोळ्यांवर चष्मा आणि हातांत रबरी मोजे हवेतच, कारण पोटॅशचे द्रावण डोळ्याला आम्लाइतकेच, किंबहुना अधिक, घातक असते. शिशाच्या आणि अल्कलीच्या बॅटऱ्या एका खोलीत ठेवायच्या नाहीत आणि एकीचा द्रवमापक दुसरीत बुडवायचा नाही. शिवाय अल्कलीच्या घटात द्रवाची घनता चार्जनुसार फारशी बदलत नाही. तिथे द्रवमापकावर विसंबणारा फसतो. प्रत्येक घटाचा दाब स्वतंत्रपणे पाहावा लागतो. दुबळा घट वेळीच हुडकण्याचा दुसरा सोपा उपाय नाही.

१८ ऑक्टोबर १९३१ रोजी वेस्ट ऑरेंज येथील घरी एडिसनचे निधन झाले. त्याचा मुलगा चार्ल्स १९४० मध्ये अमेरिकेचा नौदलमंत्री झाला. ज्या खात्याने वडिलांच्या कल्पना बासनात गुंडाळल्या, त्या खात्याची सूत्रे काही महिने मुलाच्या हाती आली. एडिसनच्या बॅटरीचा कारखाना पुढेही अनेक दशके रेल्वे आणि खाणींना बॅटऱ्या पुरवीत राहिला. १९७२ मध्ये शिशाच्या बॅटऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या एक्साइड कंपनीने तो विकत घेतला आणि तीन वर्षांत तेथील उत्पादन थांबले.