चेहरे वाचणारी बाई

समोर बसलेल्या बाईच्या चेहऱ्याकडे क्षणभर पाहून तिची त्वचा कोरडी, तेलकट की मिश्र हे जी अचूक सांगे, तीच बाई स्वतःविषयी मात्र एकही गोष्ट सरळ सांगत नसे. वय विचारले तर काही वर्षे चोरून सांगायची. शिक्षण विचारले तर वैद्यकाचे नाव घ्यायची. वडील साधे दुकानदार, पण त्यांचे वर्णन ती असे करी की ऐकणाऱ्याला घराणे मोठे वाटावे. तिचे चरित्र लिहिणाऱ्यांची त्यामुळे चांगलीच त्रेधा उडाली. एका हाताने ती खरे देत होती आणि दुसऱ्या हाताने खोटे. ही हेलेना रूबिनस्टाइन. आज शहरातल्या कोणत्याही ब्यूटी पार्लरमध्ये फेशियल करण्याआधी त्वचेचा प्रकार पाहतात. ती रीत घरोघरी पोचवण्यात हिचा वाटा फार मोठा आहे.

तिचा जन्म २५ डिसेंबर १८७२ चा. पोलंड नावाचा देश तेव्हा नकाशावर नव्हता. तिचे क्राको शहर ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात मोडत होते आणि त्या शहरातल्या काझीमिएर्झ या ज्यू वस्तीत तिचे घर होते. जन्मनाव खाया. आठ बहिणींत ती थोरली. पाठीवर सात मुली असलेल्या थोरलीचे बालपण कसे गेले असेल हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. आईला हाताखाली मदत, धाकट्यांची वेणीफणी आणि बापाच्या दुकानाचा हिशेब. हिशेबात ती तरबेज झाली आणि ती विद्या तिला जन्मभर पुरली. लग्नाचे वय झाल्यावर घरच्यांनी स्थळ आणले. तिने नकार दिला. घरात धुसफूस झाली आणि ती व्हिएन्नाला मावशीकडे निघून गेली. तिथून १८९६ साली थेट ऑस्ट्रेलियाची बोट धरली.

पुढे ती सांगे की मी क्राकोला वैद्यकाचा अभ्यास सुरू केला होता. हे खरे नव्हते. खरे असणे शक्यही नव्हते, कारण ती घर सोडून गेली तोवर क्राकोच्या विद्यापीठातील वैद्यकशाळेचे दार मुलींसाठी उघडलेच नव्हते. ते उघडले तेव्हा ही ऑस्ट्रेलियात होती. हे वाचल्यापासून तिच्या या खोटेपणाकडे मला नुसत्या रागाने पाहता येत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारे पहिले माणूस मीच, त्यामुळे पदवी या शब्दाचे वजन मला ठाऊक आहे. ज्या दारातून आत जायची मनाई होती, त्या दाराचे नाव तिने आपल्या पाटीवर लिहिले. चूक ती चूकच. पण दार बंद ठेवणाऱ्यांना कुणी जाब विचारल्याचे कोणत्याच चरित्रात लिहिलेले नसते.

ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया प्रांताच्या पश्चिमेला कोलरेन नावाचे लहानसे गाव आहे. मामाचे दुकान तिथे होते. आजूबाजूला मैलोन् मैल माळरान, त्यावर मेंढ्यांचे कळप, वर तळपते ऊन आणि सदा घोंघावणारा कोरडा वारा. त्या वाऱ्याउन्हात गोऱ्या बायकांचे चेहरे तिशीतच रापून जात, कातडी तडतडे, गालांवर ठिपके उठत. थंड, दमट देशातून आलेल्या या मुलीचा चेहरा मात्र नितळ होता. बायका विचारू लागल्या की लावतेस तरी काय. तिच्या सांगण्याप्रमाणे आईने निघताना मलमाच्या बारा बरण्या पेटीत घातल्या होत्या, त्या तिने वाटल्या आणि संपल्यावर आणखी मागवल्या. बारा बरण्या किती दिवस पुरणार? आणि गावात ज्या वस्तूचा सुकाळ होता ती म्हणजे मेंढीची लोकर. लोकरीतून निघणारे मेण, ज्याला लॅनोलिन म्हणतात, ते शुद्ध करण्याची रीत १८८०च्या दशकात जर्मनीत सापडली होती. ते कातडीला मऊ ठेवते, पण त्याला वास येतो. हा वास झाकण्यासाठी तिने लव्हेंडर, पाइनची साल, कमळाची फुले अशा नाना वस्तूंचे प्रयोग केले. जाहिरातीत मात्र मेंढी कुठेच नव्हती. तिथे होत्या कार्पेथियन पर्वतातल्या दुर्मिळ वनस्पती आणि एक पोलिश डॉक्टर.

मामाशी तिचे पटले नाही. तिने मुलांची दाई म्हणून काम केले आणि मेलबर्नला येऊन चहाच्या उपाहारगृहात वाढप्याचेही केले. तिथल्या ओळखीतून भांडवल आणि सल्ला मिळाला आणि १९०२-०३च्या सुमारास तिने मेलबर्नमध्ये आपले पहिले दालन थाटले. मलमाचे नाव ठेवले व्हालाझ. दुकान चालू लागले आणि इथेच तिची खरी हुशारी दिसते. गिऱ्हाइकाला बरणी देऊन ती वाटेला लावत नसे. आधी खुर्चीवर बसवी, चेहरा उजेडात धरी आणि बोट फिरवून पाही. एकच मलम सगळ्यांना सारखे लागू पडत नाही हे तिला या खुर्चीजवळच उमगले. एकीला त्याने तजेला यायचा, तर दुसरीच्या कपाळावर पुटकुळ्या उठायच्या. १९०५ साली ती मुद्दाम युरोपात गेली आणि तिथल्या त्वचेच्या डॉक्टरांकडे हिंडून उपचार पाहून आली. वैद्यकशाळेत न मिळालेली विद्या तिने अशी मागच्या दाराने थोडीफार मिळवली.

तिच्या पद्धतीचा गाभा आज सांगायचा तर असा. आपल्या त्वचेत तैलग्रंथी असतात. त्यांतून झिरपणारा स्निग्ध पदार्थ आणि त्वचेच्या सर्वांत वरच्या मृत पेशींचा थर मिळून आतले पाणी आत राखतात. कोरड्या त्वचेत ही राखण दुबळी असते, म्हणून ती ओढल्यासारखी वाटते आणि तिच्यावर कोंडा धरतो. अशा चेहऱ्याला साबणाने घासणे म्हणजे आगीत तेल. तिला सौम्य दुधासारख्या द्रवाने पुसावे, हलक्या हाताने मालिश करावी, स्निग्ध लेप द्यावा आणि वर मलम ठेवावे. तेलकट त्वचेचे गणित याच्या उलट. तिला चिकणमातीचा लेप मानवतो, जड तेले आणि लांबलचक मालिश मानवत नाही. पण तिलाही सारखे धुऊन करकरीत कोरडे करायचे नसते, कारण मग तीच त्वचा चिडते आणि लाल होते. मिश्र त्वचा सर्वांत फसवी. कपाळ, नाक, हनुवटी तेलकट आणि गाल कोरडे. तिथे एकाच चेहऱ्यावर दोन उपचार करावे लागतात, मधोमध मातीचा लेप आणि गालांना स्निग्ध. ऐकायला सोपे वाटते, पण त्या काळी बाजारात एकच कोल्ड क्रीम सगळ्या गावाला विकले जात होते हे लक्षात घेतले म्हणजे या साध्या वर्गवारीची किंमत कळते.

मुरमांचा प्रश्न या तिन्हींहून निराळा. छिद्रात तेल आणि मृत पेशींचे बूच बसते, त्यात जंतू वाढतात आणि मग सूज येते. मुळाशी बहुधा शरीरातले संप्रेरक असतात. सुजलेल्या मुरमांवर मालिश करणे किंवा ती पिळणे म्हणजे डाग कायमचे करून घेणे. याची जाण तिला बऱ्यापैकी होती असे दिसते, कारण १९०८ साली लंडनला आल्यावर तिने व्हिएन्नाहून एका स्त्री-डॉक्टरला बोलावून घेतले आणि मुरमांचे, व्रणांचे चेहरे तिच्या हाती सोपवले. वरची त्वचा औषधाने सोलून काढण्याचा उपचार ती डॉक्टर करी. दालन होते मेफेअरमध्ये, ग्राफ्टन स्ट्रीटवर, एकेकाळी इंग्लंडच्या पंतप्रधानांच्या, लॉर्ड सॅलिसबरींच्या घरात. उमराव घराण्यांतल्या बायका तोंडावर जाळी ओढून बंद गाडीतून येत, कारण चेहऱ्यासाठी पैसे मोजणे हे तेव्हा कुलीन स्त्रीला न शोभणारे मानले जाई. एका बैठकीत चमत्कार होत नसतो हे त्यांना इथे कळे. आठवड्याने पुन्हा यायचे, मधल्या दिवसांत घरी काय करायचे आणि काय टाळायचे याच्या सूचना घेऊन जायचे, असा महिनोन् महिन्यांचा आराखडा असे. पुढे न्यूयॉर्कच्या दालनात तर सकाळी आलेली बाई संध्याकाळी बाहेर पडे, इतके उपचार तिने एका दिवसात ओवले होते.

आता तिच्या खोटेपणाचा दुसरा आणि मला जास्त खटकणारा भाग. व्हालाझ हे त्वचेचे अन्न आहे अशी जाहिरात होती. त्वचा मलम खात नाही. तिचे पोषण आतून, रक्तातून होते. मलम वरचा थर मऊ ठेवते आणि पाणी उडू देत नाही, एवढेच ते करते आणि एवढे पुरेही असते. पण एवढ्यासाठी कुणी उत्पादनखर्चाच्या अनेक पट किंमत मोजली नसती. किंमत जास्त असली की माल चांगला वाटतो हे तिने ओळखले आणि त्याचा पुरेपूर लाभ घेतला. वैद्यकाच्या खोट्या नावामुळे निदान कुणाचा खिसा कापला गेला नसेल असे म्हणावे, तर ते नावच बरणीवर होते. तेव्हा वर मी तिची बाजू घेतली ती एवढ्यापुरती कमी करून वाचावी.

आणखी एक गोष्ट. तिच्या वर्गवारीत सगळे चेहरे गोरे होते. ऊन लागून पडलेले ठिपके घालवणे, रंग उजळणे, ही व्हालाझची मोठी वचने होती. सावळ्या त्वचेचा विचार या शास्त्रात फार उशिरा आला. त्वचा उन्हात किती भाजते आणि किती रापते यावरून वर्ग पाडण्याची पद्धत अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ टॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली मांडली आणि तीही आरंभी गोऱ्या लोकांसाठीच होती. सावळे आणि काळे वर्ग तीत मागाहून आले. आपल्यासारख्यांच्या दृष्टीने हा प्रश्न निव्वळ पुस्तकी नाही. सावळ्या त्वचेला जखम, जोराचे घासणे किंवा कडक रसायनाने सोलणे झाले की तिथे काळा डाग उठतो आणि महिनोन् महिने जात नाही. म्हणून वांग किंवा डाग घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला उन्हापासून जपणे हा पहिला उपचार, सोलणे फार नंतर आणि जाणत्या डॉक्टरच्याच हाताने. नवे औषध आधी कानामागे लावून पाहायचे हेही त्यातच आले. गोरे करून देतो म्हणणाऱ्याला हे सगळे सांगायला वेळ नसतो.

तिचे पुढचे आयुष्य म्हणजे नुसती धावपळ. लंडनमध्ये एडवर्ड टायटस या पत्रकाराशी लग्न, रॉय आणि होरेस हे दोन मुलगे, पॅरिसचे दालन आणि पहिले महायुद्ध भडकल्यावर अमेरिका. १९१५ मध्ये न्यूयॉर्कला दुकान उघडले. तिथे एलिझाबेथ आर्डन ही दुसरी सौंदर्यसम्राज्ञी आधीपासून होती. दोघी एकाच शहरात पन्नास वर्षे राहिल्या, एकमेकींची माणसे पळवली, पण म्हणतात की एकदाही भेटल्या नाहीत. १९२८ साली हेलेनाने अमेरिकेतला धंदा लेहमन ब्रदर्सना ७३ लाख डॉलरला विकला. संसार सावरावा म्हणून विकला असे ती सांगे. संसार काही सावरला नाही. पुढच्याच वर्षी बाजार कोसळला, नव्या मालकांनी माल स्वस्त करून नाव घालवले, तेव्हा तिने लहान भागधारक बायकांना पत्रे लिहून जाग आणली आणि जवळपास १५ लाखांत धंदा परत मिळवला. बापाच्या दुकानातला हिशेब असा कामी आला. १९३८ साली ती एका जॉर्जियन राजपुत्राशी लग्न करून राजकन्या झाली. त्याच साली अमेरिकेत नवा कायदा होऊन सौंदर्यप्रसाधने प्रथमच केंद्र सरकारच्या देखरेखीखाली आली आणि मनमानी वचनांना थोडा तरी लगाम बसला.

इतके मिळूनही ती ज्यू होती. १९४१ मध्ये पार्क अॅव्हेन्यूवर एक घर पाहिले, तर ज्यूंना देत नाही असे कळले. तिने अख्खी इमारत विकत घेतली. ही गोष्ट लोक हसत सांगतात. पण त्याच वर्षांत तिकडे युरोपात तिची बहीण रेजिना नाझींच्या हातून मारली गेली, आणि तिथे इमारत विकत घेऊन भागण्यासारखे नव्हते. चेस्का, मांका, पॉलिन या बहिणींना आणि भाचीला, मालाला, तिने पूर्वीच धंद्यात ओढून वेगवेगळ्या देशांत बसवले होते. कंजूष, तापट, मुलांना दुरावलेली असे तिचे वर्णन सगळे करतात. बहिणींना मात्र तिने वाऱ्यावर सोडले नाही.

तिला स्वतःची चित्रे काढून घेण्याची हौस होती. दूफी, मारी लोरांसँ, दाली अशा मोठ्या चित्रकारांनी तिला रंगवले आणि कित्येकांनी वयाची वर्षे कमी करून दिली. १९५७ मध्ये इंग्लिश चित्रकार ग्रॅहम सदरलंड याने चित्र काढले तेव्हा ती चौऱ्याऐंशी वर्षांची होती. अंगावर लाल भरजरी झगा आणि दागिने, आणि त्यावर एक राकट, थकलेला, दाट रंग चोपडलेला म्हातारा चेहरा. ते पाहून तिला धक्का बसला. आपण अशा दिसतो हे तिला मान्य होईना. लंडनच्या टेट गॅलरीत ते लागले, लोकांनी गर्दी केली, आणि मग हळूहळू तिचे मत बदलले.

१९६४ मध्ये फुले द्यायच्या निमित्ताने दरोडेखोर तिच्या घरात शिरले. एक्याण्णव वर्षांची ही बाई अंथरुणावर कागद पसरून काम करीत होती. तिने तिजोरीच्या किल्ल्या मुकाट्याने झग्यात लपवल्या आणि त्यांना निर्भयपणे सुनावले. ते जवळजवळ रिकाम्या हाताने गेले. १ एप्रिल १९६५ रोजी न्यूयॉर्कमध्ये तिचा मृत्यू झाला. वृत्तपत्रांना तिचे नेमके वय छापताना बरीच शोधाशोध करावी लागली असेल.