दोन देशांचा लुइस मॉन्टी

विश्वकरंडक फुटबॉलचा अंतिम सामना एकदा तरी खेळायला मिळावा म्हणून खेळाडू आयुष्य वेचतात. लुइस मॉन्टीला तो दोनदा मिळाला, आणि तोही दोन वेगवेगळ्या देशांकडून. पुरुषांच्या विश्वकरंडकात असा दुसरा खेळाडू अद्याप झालेला नाही. मात्र या विक्रमामागची कहाणी आनंदाची कमी आणि दहशतीची अधिक आहे.

मॉन्टीचा जन्म १५ मे १९०१ रोजी ब्युनोस आयर्समध्ये, इटलीहून अर्जेंटिनात स्थायिक झालेल्या घराण्यात झाला. हुराकान आणि नंतर सान लोरेन्झो या क्लबांकडून तो सेंटर-हाफच्या जागी खेळे. आजच्या परिभाषेत बचावात्मक मध्यरक्षक. मैदानाचा एवढा मोठा पट्टा तो एकटा सांभाळी की, ‘दुप्पट रुंद’ या अर्थाचे टोपणनाव त्याला चिकटले. चेंडू हिसकावण्यात तो निर्दय होता. पण त्याला केवळ धसमुसळा ठरवणे अन्यायाचे होईल, कारण संघाच्या चढाया त्याच्याच पासमधून सुरू होत. १९२८च्या ॲमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये उरुग्वेविरुद्धच्या फेरलढतीत अर्जेंटिनाचा एकमेव गोल त्याचाच होता. तो सामना अर्जेंटिनाने १-२ असा गमावला.

दोन वर्षांनी पहिल्या विश्वकरंडकात गाठ पुन्हा उरुग्वेशीच पडली. फ्रान्सविरुद्धच्या सलामीत विजयी गोल आणि अमेरिकेविरुद्धच्या उपांत्य सामन्यात पहिला गोल करणारा मॉन्टी, ३० जुलै १९३० रोजी मॉन्टेव्हिडिओतील अंतिम सामन्यात मात्र हरवल्यासारखा वावरला. सामन्यापूर्वी त्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या होत्या, असे सांगितले जाते. मध्यंतराला २-१ असा पुढे असलेला अर्जेंटिना अखेर २-४ असा हरला. चिडलेल्या जमावाने ब्युनोस आयर्समधील उरुग्वेच्या वकिलातीवर दगडफेक केली आणि टीकेचा रोख मॉन्टीकडे वळला.

त्यानंतर युव्हेंटसने त्याला तुरिनला नेले. तिशीला आलेला, वजन वाढलेला हा खेळाडू संपला, असे अनेकांना वाटले होते. कसून सराव करून त्याने वजन उतरवले आणि १९३२ ते १९३५ अशी सलग ४ वर्षे इटालियन लीगचे विजेतेपद मिळवले. पूर्वजांच्या नात्याने त्याला इटलीच्या राष्ट्रीय संघाचेही दार उघडले. परदेशात जन्मलेले हे खेळाडू इटलीच्या सैन्यात भरती होऊ शकतात, तर तिच्यासाठी खेळू का शकत नाहीत, असा प्रशिक्षक व्हित्तोरिओ पोझ्झो यांचा युक्तिवाद होता.

१९३४चा विश्वकरंडक इटलीतच झाला. ऑस्ट्रियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात मॉन्टीने नावाजलेल्या सिंडेलारला जखडून ठेवले. १० जून रोजी रोममध्ये, मुसोलिनीच्या साक्षीने, जादा वेळेत इटलीने चेकोस्लोव्हाकियाला २-१ असे हरवले. चार वर्षांपूर्वी जिंकण्याची भीती होती, या वेळी हरण्याची!

त्याच वर्षी १४ नोव्हेंबर रोजी लंडनच्या हायबरी मैदानावर इंग्लंडविरुद्ध पहिल्या काही मिनिटांतच त्याच्या पायाचे हाड मोडले. बदली खेळाडूची तेव्हा सोय नव्हती. १० जणांच्या इटलीने ०-३ अशा पिछाडीवरून २ गोल फेडले, पण पराभव टळला नाही.

१९३९ मध्ये त्याने युव्हेंटस सोडले आणि पुढे काही काळ प्रशिक्षकपद सांभाळले. ९ सप्टेंबर १९८३ रोजी त्याचे निधन झाले. अर्जेंटिनाने १९७८ मध्ये मायदेशी जिंकलेला पहिला विश्वकरंडक आणि १९८२ मध्ये इटलीने स्पेनमध्ये मिळवलेले तिसरे विजेतेपद, हे दोन्ही त्याच्या हयातीतच घडले.