साबणावरचा चेहरा

गेल्या महिन्यात माझी भाची आमच्याकडे कोल्हापूरला आली होती. रविवारी तिला बघायला पाहुणे येणार होते. मग काय, शुक्रवारपासून पोरीनं वाफेचा सपाटाच लावला! सकाळी वाफ, संध्याकाळी वाफ. पातेलंभर पाणी उकळायचं, डोक्यावरून टॉवेल घ्यायचा आणि पंधरा-वीस मिनिटं तसंच बसायचं. शनिवारी सकाळी उठली तर चेहरा लालबुंद, गाल चुरचुरताहेत आणि हनुवटीवरचे मुरुम आणखीनच फुललेले. रडू काही आवरेना. मी तिच्या तोंडावर गार पाण्याच्या घड्या ठेवल्या आणि तिचं मन जरा दुसरीकडे वळावं म्हणून तिला लीला चिटणीसांची गोष्ट सांगितली. मैत्रिणींनो, तीच आज तुम्हालाही सांगते.

भाचीला नाव ऐकून काही आठवेना. ‘आवारा’तली राज कपूरची आई, ‘गाइड’मधली देव आनंदची आई म्हटल्यावर मात्र ओळख पटली. पांढरी साडी, ओढलेला चेहरा, डोळ्यांत पाणी. ही बाई एके काळी देशातला सगळ्यात देखणा चेहरा म्हणून साबणाच्या जाहिरातीत झळकली होती, हे सांगितलं तेव्हा तिचा विश्वासच बसेना.

लीलाबाईंचा जन्म १९०९ सालचा, धारवाडचा. माहेरच्या त्या नगरकर. वडील इंग्रजीचे प्राध्यापक, घरात ब्राह्मो समाजाचे विचार, त्यामुळे मुलीच्या शिक्षणाला आडकाठी नव्हती. तरी लग्न लवकरच झालं, वयाच्या पंधरा-सोळाव्या वर्षी. नवरा डॉक्टर, वयानं बराच मोठा. पाठोपाठ चार मुलं झाली. पुढे संसार टिकला नाही. चार लेकरं पदरात आणि पोट भरायचं, म्हणून लीलाबाईंनी शाळेत शिकवलं, नाटकात कामं केली आणि मग सिनेमात आल्या. आज आपल्याला त्यात काही वाटत नाही. पण तो काळ असा होता, की चांगल्या घरातल्या बाईनं तोंडाला रंग लावायचा म्हणजे नातेवाइकांत तोंड दाखवायची चोरी!

आपल्या कोल्हापुराशी त्यांचं नातं जुळलं ते १९३६ साली. प्रभात कंपनी १९३३ मध्ये पुण्याला गेली, तरी कोल्हापूरचा सिनेमा थांबला नव्हता. बाबूराव पेंढारकर, मास्टर विनायक आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांनी मिळून इथं ‘हंस पिक्चर्स’ काढली. तिचा पहिला बोलपट ‘छाया’. कथा वि. स. खांडेकरांची, दिग्दर्शन विनायकरावांचं आणि नायिका लीला चिटणीस. पुढच्याच वर्षी ‘जंटलमन डाकू’मध्ये त्यांनी पुरुषी वेशातली भूमिका केली. जाहिरातीत त्यांची ओळख दिली होती ती पडद्यावर आलेली महाराष्ट्रातली पहिली पदवीधर बाई अशी. रूपाआधी शिक्षणाचा गवगवा झाला, हे मला तरी फार आवडतं.

मग मुंबईच्या बॉम्बे टॉकीजनं त्यांना घेतलं. १९३९ साली अशोककुमारबरोबर ‘कंगन’ आला आणि लीलाबाईंचं नाव देशभर झालं. मागोमाग ‘बंधन’, ‘झूला’. तेव्हा त्या तिशी ओलांडलेल्या, चार मुलांची आई असलेल्या बाई होत्या. आणि १९४१ साली लक्स साबणाच्या जाहिरातीत त्यांचा चेहरा झळकला. त्याआधी या जाहिरातीत हॉलिवूडच्या गोऱ्या नट्या असायच्या. भारतीय सिनेमातली पहिली लक्स-सुंदरी कोण, तर आपल्या लीला चिटणीस!

मैत्रिणींनो, इथंच खरी गोष्ट सुरू होते. साबणाच्या जाहिरातीनंतर फक्त सात वर्षं गेली. १९४८ साली ‘शहीद’ आला आणि त्यात लीलाबाई दिलीपकुमारची आई झाल्या. दिलीपकुमार त्यांच्यापेक्षा जेमतेम तेरा वर्षांनी लहान! काल ज्या चेहऱ्यासारखी कांती व्हावी म्हणून बायका साबण घेत होत्या, तोच चेहरा चाळिशीच्या आत म्हातारा ठरला. चेहरा का बिघडला होता? मुळीच नाही. बघणाऱ्यांचे डोळे बदलले होते.

दुसरी एखादी खचली असती. लीलाबाईंनी मात्र तोच चेहरा घेऊन पुढं वीसेक वर्षं कामं केली. सिनेमातल्या आईचा एक साचाच त्यांनी घालून दिला, तो नंतरच्या कितीतरी नट्यांनी गिरवला. १९५५ साली ‘आज की बात’ हा चित्रपट त्यांनी स्वतः दिग्दर्शित केला. ‘चंदेरी दुनियेत’ हे आत्मचरित्र १९८१ साली आलं. पुढं त्या मुलांकडे अमेरिकेत गेल्या आणि तिथंच २००३ साली वारल्या. आयुष्य नव्वदी पार करून गेलं. त्यातली नायिकेची वर्षं मोजा, थोडीच भरतात. बाकीची सगळी वर्षं त्या जगल्या त्या रूपाच्या नव्हे, कामाच्या जोरावर.

गोष्ट ऐकून भाची गप्प झाली. मग हळूच तिनं विचारलं, की मग वाफ घ्यायचीच नाही का? तर तसं नाही बरं का. वाफ घ्यावी, पण ती काय करते हे समजून घ्यावी.

वाफेनं त्वचा मऊ पडते, साचलेला तेलकटपणा आणि मळ सैल होतो, ब्लॅकहेड्स काढणं सोपं जातं. त्वचेची रंध्रं दारासारखी उघडतात आणि गार पाण्यानं बंद होतात, असं आपण ऐकत आलो. प्रत्यक्षात त्यांना काही दारं नसतात. आणि वाफेनं रंग उजळत नाही. नंतर जी लाली दिसते ती गरमीनं रक्त चेहऱ्याकडे धावल्यामुळं. घटका-दोन घटकांत ओसरते.

आता रीत. आधी चेहरा साध्या पाण्यानं धुवावा. पाणी उकळलं की गॅस बंद करावा आणि पातेलं हलणार नाही अशा जागी ठेवावं. लहान मुलं घरात असतील तर दार लावून घ्यावं, उकळतं पाणी सांडून भाजायला क्षण पुरतो. दोन-तीन मिनिटं थांबून, पाण्यापासून हातभर अंतर ठेवून, डोळे मिटून बसावं. पाच मिनिटं पुष्कळ झाली, आणि आठवड्यातून एकदा. चटका वाटला तर लगेच बाजूला व्हावं. सर्दीचा बाम चेहऱ्याच्या वाफेत घालू नये, डोळ्यांची आग होते. नंतर मऊ पंचानं चेहरा नुसता टिपावा, घासू नये, आणि ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावावं. मुरुम फोडायचे नाहीत, लिंबू चोळायचं नाही. मुरुम लाल होऊन ठणकत असतील, इसब असेल, किंवा गालावर वांग असतील तर वाफेच्या वाटेला जाऊच नये. गरमीनं वांग वाढू शकतात. अशा वेळी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवलेलं बरं.

रविवारी पाहुणे आले, पोहे-चहा झाला. भाचीनं पावडरसुद्धा लावली नव्हती. गालावर थोडी लाली होतीच, पण ती मान वर करून, आपल्या नोकरीबद्दल नीट बोलली. जमेल, न जमेल, तो पुढचा भाग. आता ती दर शनिवारी पाच मिनिटं वाफ घेते. कुणी बघायला येणार म्हणून नव्हे, तर आठवडाभराच्या धुळीनं आणि दगदगीनं थकलेल्या स्वतःच्या चेहऱ्यासाठी.

तुम्हीही घ्या. ती पाच मिनिटं टॉवेलच्या आत तुम्हाला कुणी हाक मारणार नाही, हा फायदा वेगळाच!